हप्ता कुणाचा चुकवायचा? श्रीलंका आणि झिम्बाब्वे

जुना_सचिव (डिचोली)

काल संध्याकाळी चहाच्या गाड्यावर वाद झाला. घरी येऊन जेवलो तरी डोक्यातून जाईना, म्हणून इथे मांडतो. श्रीलंकेचा विषय निघाला होता. मित्र म्हणाला, "देश बुडाला की बुडाला. श्रीलंका काय, झिम्बाब्वे काय, दोघांनीही लोकांचे पैसे बुडवले."

मी तीस वर्षं गावच्या विकास सोसायटीचं दप्तर सांभाळलं. कुणी 'थकबाकीदार' म्हटलं की माझ्या तोंडून पहिला प्रश्न येतो, कुणाचे थकवले? त्यावरच पुढचं सगळं ठरतं.

श्रीलंकेने १२ एप्रिल २०२२ रोजी परदेशी कर्जाची फेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. रोखेधारक (म्हणजे सरकारचे कर्जरोखे विकत घेतलेले), चीन, जपान, भारत, व्यापारी बँका, सगळ्यांना थांबायला सांगितलं. पण त्या यादीत जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी (आयएमएफ) नव्हते. त्यांचे हप्ते चालूच राहिले. पेट्रोलच्या रांगा मैलभर, औषधं नाहीत, अशा वेळीही.

झिम्बाब्वेचं नेमकं उलटं. त्यांनी २०००च्या सुमारास जागतिक बँक आणि आफ्रिकन विकास बँक यांचे हप्ते थकवले आणि २००१मध्ये नाणेनिधीचेही. त्याच वर्षी नाणेनिधीने त्यांना नव्या कर्जाला अपात्र ठरवलं, २००३मध्ये मतदानाचा हक्कही काढून घेतला.

श्रीलंकेला मार्च २०२३मध्ये नाणेनिधीकडून सुमारे ३०० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. म्हणजे फेड थांबवल्यापासून वर्षाच्या आत. झिम्बाब्वे पंचवीस वर्षं दाराबाहेर उभा आहे. माझं म्हणणं एवढंच की पैसे नसणं हे दोघांचं सारखं होतं, फरक पडला तो कुणाला थांबवलं त्याने.

फोंडेकार

सचिवभाऊ, म्हणजे जागतिक बँक हा देवाचा नारळ झाला. कितीही भूक लागली तरी फोडून खायचा नाही.

तारवटी_७

मी तेव्हा जहाजावर होतो. जून २०२२, कोलंबोबाहेर नांगर टाकून. आमच्या बाजूला तेलाची जहाजं दिवसेंदिवस उभी. माल आलेला, पण डॉलर मिळाल्याशिवाय उतरवायचा नाही. लाँचमधून एजंटचा माणूस कागद घेऊन वर आला. शिकलेला, नीट इस्त्रीचा शर्ट. सह्या झाल्यावर हळूच आमच्या स्वयंपाक्याकडे गेला आणि दुधाच्या पावडरचा एखादा डबा मिळेल का म्हणून विचारलं. घरी लहान मूल. आमच्या कुकने दोन दिले. तो डबे वर्तमानपत्रात गुंडाळून नेत होता, कुणी बघू नये म्हणून.

त्याच महिन्यात वॉशिंग्टनला, जागतिक बँकेकडे, हप्ता जात होता हे मला आज कळतंय. राग येतो की नाही, सांगा.

जुना_सचिव (डिचोली)

राग येणारच. पण तारवटीबाब, दुसरी बाजूही ऐका. त्याच वर्षी जुलैत कोलंबोत स्वयंपाकाच्या गॅसची जहाजं आली, ती जागतिक बँकेच्या पैशातून. जुन्या मंजूर प्रकल्पांतले न खर्चलेले पैसे वळवून त्यांनी गॅस, औषधं, खतं, गरिबांना रोख मदत असं चालवलं. हप्ता थकला असता तर हे झालं नसतं, कारण त्यांचा नियम यंत्रासारखा चालतो. हप्ता तीस दिवस थकला की नवीन कर्ज बंद. साठ दिवस झाले की आधी मंजूर केलेल्या कर्जाचेही पैसे सोडणं बंद. सहा महिने झाले की खातं थकीत, व्याजही जमेला धरत नाहीत. आपल्या बँका नव्वद दिवसांत एनपीए करतात, इथे मुदत मोठी दिसते खरी, पण साठाव्या दिवशी नळ बंद होतो तो देशातल्या सगळ्या प्रकल्पांचा एकदम. रस्ता असो, शाळा असो, धरण असो.

आणि राग काढायचाच तर जानेवारी २०२२वर काढा. १८ जानेवारीला श्रीलंकेने ५० कोटी डॉलरचे रोखे पूर्ण फेडले. तिथले अर्थतज्ज्ञ ओरडून सांगत होते, आत्ताच थांबा, हे डॉलर औषधांना आणि तेलाला ठेवा. ऐकलं नाही. मे महिन्यात ७.८ कोटी डॉलरचं व्याज द्यायला पैसे नव्हते. तेव्हाचे अर्थमंत्री अली साबरी म्हणाले होते की वापरता येण्यासारखी गंगाजळी ५ कोटी डॉलरच्याही खाली आहे. जानेवारीचा तो हप्ता ज्यांच्याकडे गेला ते संकटात एक पैसा परत देणारे नव्हते.

अर्थशास्त्रवाली (ताळगाव)

काका, एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून थोडं आगाऊपणे बोलते. तुमची मांडणी सुटसुटीत आहे, पण तुम्ही झिम्बाब्वेचं राजकारण अगदीच गाळलंय.

२०००मध्ये गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात झाली. त्याआधी १९९८पासून काँगोच्या युद्धात सैन्य पाठवलं होतं, त्याचा खर्च वेगळा. डिसेंबर २००१मध्ये अमेरिकेने कायदाच केला की या संस्थांमधल्या अमेरिकी प्रतिनिधीने झिम्बाब्वेच्या कर्जाला आणि कर्जमाफीला विरोधात मत द्यावं. तिथे अमेरिकेचं वजन किती हे सांगायला नको. मग हप्ता भरला असता तरी काय मिळालं असतं?

आणि श्रीलंकेलाही फक्त हप्ते भरले म्हणून कर्ज मिळालं नाही. २०२२मध्ये भारताने जवळपास ४०० कोटी डॉलरची मदत केली. नाणेनिधीला इतर धनकोंकडून कर्जात सवलत देण्याची हमी हवी होती, ती जानेवारी २०२३मध्ये सगळ्यात आधी भारताने दिली. झिम्बाब्वेला असा शेजारी कुठे होता?

जुना_सचिव (डिचोली)

बाय, बरोबर पकडलंस. शेजाऱ्याचा मुद्दा मान्य, तो मी लिहायलाच हवा होता.

पण तारखा बघ. जागतिक बँकेचे हप्ते थकले २०००मध्ये, नाणेनिधीचे फेब्रुवारी २००१मध्ये. अमेरिकेचा कायदा आला डिसेंबरात. म्हणजे दार आतून आधी लागलं, बाहेरून कुलूप नंतर. कुलूप खोटं होतं असं मी म्हणत नाही. कुलपामुळे दार उघडण्यात अर्थ उरला नाही हेही खरं. तरी क्रम तोच राहतो.

२०१६ची गोष्ट जास्त बोलकी आहे. आदल्या वर्षी पेरूतल्या लिमात नाणेनिधी आणि जागतिक बँकेची बैठक होती, तिथे झिम्बाब्वेने योजना मांडली की नाणेनिधी, जागतिक बँक आणि आफ्रिकन बँक या तिघांची मिळून सुमारे १८० कोटी डॉलरची थकबाकी एकदम मिटवू. ऑक्टोबर २०१६मध्ये त्यांनी नाणेनिधीचे सुमारे १०.८ कोटी डॉलर खरोखर भरले, तेही नाणेनिधीकडेच असलेल्या स्वतःच्या एसडीआरमधून, म्हणजे नाणेनिधीच्या हिशेबी चलनातल्या ठेवीतून. टाळ्या पडल्या. पण कर्ज? नाही मिळालं. कारण बाकी दोघांचं तसंच पडून होतं. एकाची थकबाकी मिटवून दुसऱ्याची ठेवली तर पहिलाही नवीन पैसा सोडत नाही. आमच्याकडे सोसायटीत 'येणेबाकी नाही'चा दाखला असायचा, तो सगळ्या खात्यांचा मिळून एकच. पीककर्ज फेडलं आणि मध्यम मुदतीचं ठेवलं, तर दाखला नाही. माणूस कितीही ओळखीचा असो.

फोंडेकार

एसडीआर म्हणजे ते डॉलर-युरो-युआन-येन-पाउंडाचं कडबोळं ना?

अर्थशास्त्रवाली (ताळगाव)

हो, त्याच पाचांचं. आणि त्यातही गंमती आहेत. जुलै २०२३च्या अखेरीस अर्जेंटिनाने नाणेनिधीचा हप्ता अर्धाअधिक चिनी युआनमध्ये आणि उरलेला लॅटिन अमेरिकेतल्या विकास बँकेकडून हातउसने घेऊन भरला. पुढच्या हप्त्याला कतारकडून एसडीआर घेतले. नाणेनिधीचा पैसा आला की त्यातून हे उसने फेडायचे.

फोंडेकार

हे तर आमच्या भिशीसारखं झालं. ह्याच्या हातातलं काढून त्याच्या हातात.

मांडवीकाठचा

एवढं लांब कशाला जाता? आपल्याच गोव्याच्या नळाला येणारं पाणी जागतिक बँकेच्या कर्जाचं आहे. उद्या आपण हप्ता थकवला तर?

जुना_सचिव (डिचोली)

चूक. तुम्ही म्हणता ते साळावली धरणाच्या पाण्याचं आणि मलनिस्सारणाचं कर्ज जपानचं आहे. २००७चं, सुमारे २,२८० कोटी येनचं. जपान म्हणजे एक देश, म्हणून ते द्विपक्षीय. बहुपक्षीय म्हणजे अनेक देशांनी मिळून भांडवल घातलेली संस्था. हा फरक किरकोळ वाटतो, पण श्रीलंकेत जपानचे हप्ते थांबले आणि आशियाई बँकेचे थांबले नाहीत, ते ह्याच फरकापायी.

आणि हप्ता गोव्याने थकवायचा प्रश्नच नाही. राज्याला परदेशातून थेट कर्ज घेता येत नाही. सही दिल्लीची, परतफेडही दिल्लीतून. मग दिल्ली आपल्याकडून वसूल करते, ते वेगळं.

मांडवीकाठचा

ठीक, मागे घेतो. पण मग १९९१मध्ये आपणही सोनं गहाण टाकलं होतं ना?

जुना_सचिव (डिचोली)

टाकलं होतं. सुमारे ४७ टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे, त्याआधी २० टन परत घेण्याच्या सोयीने स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं. पण हप्ता एकाचाही चुकवला नाही, आणि नाणेनिधीचं कर्ज २००० सालापर्यंत संपवलं. ते वेगळ्या धाग्याचं पुराण आहे.

हिशेबनीस_सत्तरी

मला एक कळत नाही. ह्या संस्थांना हा मान कुणी दिला? कायद्यात लिहिलंय का, की आधी आमचे द्या?

अर्थशास्त्रवाली (ताळगाव)

करारात असं कलम नाही. रूढी आहे. त्यामागचा सौदा असा, की बाजार जेव्हा दार लावतो तेव्हा आम्ही पैसे देतो, आणि तेही कमी व्याजाने, म्हणून आमचे आधी द्या. जागतिक बँक स्वतः बाजारात रोखे विकून पैसा उभा करते. तिला सर्वोच्च पत मिळते त्याचं एक कारण भागधारक देश आणि दुसरं हेच, की तिचे पैसे शेवटी येतातच. त्या पतीमुळे तिला स्वस्त मिळतं आणि ती पुढे स्वस्त देते. उद्या तिने श्रीलंकेचं मुद्दल कापलं तर बांगलादेशचं, नेपाळचंही कर्ज महाग होईल, असा त्यांचा युक्तिवाद.

चीनला हे पटलं नव्हतं. झांबियाच्या वेळी चीन म्हणत होता की मी येणं कापून घ्यायचं तर जागतिक बँकेनेही कापून घ्यावं. झांबिया नोव्हेंबर २०२०मध्ये ४.२५ कोटी डॉलरचं व्याज चुकवून बुडाला आणि द्विपक्षीय धनकोंचा सौदा व्हायला जून २०२३ उजाडलं, त्या उशिराचं एक कारण ही ओढाताण. शेवटी चीनने तो आग्रह सोडला. बदल्यात या बँकांनी सवलतीचा नवा पैसा जास्त द्यावा असं ठरलं.

जुना_सचिव (डिचोली)

श्रीलंकेला तो नवा पैसा कसा मिळाला ते बघण्यासारखं आहे. २०१७मध्ये जागतिक बँकेने त्यांना 'तुम्ही आता बरे झालात' म्हणून सवलतीच्या कर्जाच्या खिडकीवरून उठवलं होतं. डिसेंबर २०२२मध्ये पुन्हा त्या खिडकीवर बसू दिलं. जून २०२३मध्ये ७० कोटी डॉलर मंजूर केले, त्यातले ५० कोटी थेट अर्थसंकल्पाला. म्हणजे एका हाताने हप्ता गेला आणि दुसऱ्या हाताने जास्त आला. झिम्बाब्वेला हा दुसरा हातच नव्हता. मग त्यांनी काय केलं? आफ्रिकेतल्या आयात-निर्यात बँकेकडून, खनिजांच्या येणाऱ्या पैशावर, महाग कर्ज. आणि जुन्या थकबाकीवर दंडव्याज चढत राहिलं ते निराळंच.

आता एक गावची गोष्ट, कारण मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या गावात पंचेचाळीस टिपर उभे राहिले. पावसात चाकांखाली गवत उगवलं. एक टिपरवाला माझ्याकडे आला. त्याची तीन कर्जं होती. ट्रकचं बँकेकडे, पीककर्ज आमच्या सोसायटीकडे आणि एका खासगी माणसाकडून हातउसने, महिन्याला तीन टक्क्यांनी. म्हणाला, सचिवसाहेब, तिघांना पुरणार नाही. मी म्हटलं, बँकेला पत्र लिही, खासगी माणसाला तोंड दाखवून सांग, आणि सोसायटीचा हप्ता भर, कारण जूनमध्ये बी-बियाणाला तू इथेच येणार आहेस. त्याने तसं केलं. पुढे सरकारची एकरकमी तडजोडीची योजना आली, ट्रकचं कर्ज कमी होऊन मिटलं. तो आज उभा आहे. त्याच्या शेजाऱ्याने उलटं केलं. खासगी माणूस दारात येऊन बसायचा म्हणून त्याचं आधी दिलं, सोसायटीला 'पुढच्या वर्षी' सांगितलं. पुढच्या वर्षी खत रोखीने घ्यावं लागलं, आणि रोख नव्हती.

पाटल्या

नाव मुद्दाम हे घेतलंय. मी त्याच बाजूची आहे, कुठल्या गावची ते सांगत नाही.

सचिवकाका, तुम्ही ज्याला 'हप्ता भरला' म्हणता तो पैसा आला कुठून? टिपर तर उभा होता. आमच्या वाड्यावर असे चार-पाच होते, त्यातल्या प्रत्येक घरात त्या मे महिन्यात पाटल्या मोडल्या. तुमच्या खतावणीत फक्त 'जमा' लागलं. माझ्या आईच्या दोन पाटल्या होत्या, चार तोळ्यांच्या. तिने त्या साखळीच्या सोनाराकडे काढताना साबण लावला, कारण पंचवीस वर्षांत हातातून निघाल्याच नव्हत्या. सोसायटीची थकबाकी शून्य, आणि आईचे हात मोकळे.

तेव्हा श्रीलंकेचं सांगताना हेही सांगा, की तिथल्या पाटल्या कुणाच्या मोडल्या.

अर्थशास्त्रवाली (ताळगाव)

ताई, याचं उत्तर माझ्याकडे आहे. नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीच्या.

२०२३च्या जून-जुलैत देशांतर्गत कर्जाची पुनर्रचना झाली. सरकारी रोखे बँकांकडेही होते, पण बँकांना त्यातून वगळलं, कारण बँका कोसळल्या तर सगळंच गेलं असतं. भविष्य निधीने जुने रोखे बदलून लांब मुदतीचे घेतले. सुरुवातीला १२ टक्के आणि २०२६पासून ९ टक्के व्याज. कपड्याच्या कारखान्यातली मुलगी, चहाच्या मळ्यातली मजूर, यांच्या म्हातारपणाचा पैसा तो. आणि सप्टेंबर २०२२मध्ये महागाई ७० टक्क्यांच्या आसपास गेली होती, म्हणजे त्या निधीची किंमत आधीच बरीच उतरलेली.

तारवटी_७

आणि झिम्बाब्वेत?

अर्थशास्त्रवाली (ताळगाव)

तिथे तर पेन्शन अक्षरशः हवेत गेली. २००८च्या महागाईत आकड्यांना अर्थच उरला नव्हता. २००९मध्ये स्वतःचं चलन सोडून डॉलर आणि रँड वापरायला लागले.

फोंडेकार

माझ्याकडे त्यांची नोट आहे! मागे एका नाणी-नोटावाल्याकडून घेतली होती. शंभर ट्रिलियन डॉलर. एकावर चौदा शून्यं. आपल्या भाषेत मोजायला बसलो तर एक कोटी कोटी होतात. पुढच्या बाजूला एकावर एक तोललेले दगड. पोराने विचारलं, बाबा, हे दगड पडत कसे नाहीत. मी म्हटलं, दगड अजून उभे आहेत, नोट पडली.

हिशेबनीस_सत्तरी

मग निष्कर्ष काय काढायचा? हप्ते भरले तरी गरीब मेला, नाही भरले तरी गरीब मेला?

जुना_सचिव (डिचोली)

पाटल्याबाय, तू लिहिलंस ते दोनदा वाचलं. तुझ्या आईच्या पाटल्या माझ्या दप्तरात नव्हत्या, आणि मीही कधी विचारलं नाही. वसुली नव्वद टक्क्यांवर गेली म्हणून त्या वर्षी आम्हाला वरून शाबासकीचं पत्र आलं होतं. ते मी फ्रेम करून लावलं होतं. आज नको वाटतंय.

हिशेबनीस, दोन्हीकडे गरीबच मेला हे खरं, पण किती वर्षं हा फरक राहतो. श्रीलंकेत रोखेधारकांनी डिसेंबर २०२४मध्ये सुमारे १,२५० कोटी डॉलरच्या रोख्यांवर कापून घेतलं. त्याआधी जूनमध्ये भारत, जपान, फ्रान्सच्या पुढाकाराने द्विपक्षीय धनकोंचे ५८० कोटी आणि चीनच्या एक्झिम बँकेचे ४२० कोटी डॉलर पुढे ढकलले गेले. औषधं आली, रांगा संपल्या. झिम्बाब्वेत २००० साली जन्मलेलं पोर आज पंचविशीत आहे आणि त्याच्या जन्माच्या वर्षीची थकबाकी अजून वाटाघाटीत आहे. आफ्रिकन बँकेच्या अध्यक्षपदी असताना आदेसिना मध्यस्थीला उभे राहिले, मोझांबिकचे माजी राष्ट्राध्यक्ष चिसानोही त्यात आहेत.

मात्र श्रीलंका सुटली असं मी म्हणणार नाही. द्विपक्षीय कर्जाच्या मुद्दलाचे हप्ते २०२८पासून सुरू होतात. नाणेनिधीचा पैसाही प्रत्येक उचलीपासून साडेचार वर्षांनी परत जायला लागतो, म्हणजे मार्च २०२३ची पहिली उचल सप्टेंबर २०२७च्या सुमारास. दोन्ही एकदम येतात.

अर्थशास्त्रवाली (ताळगाव)

काका, एक राहिलं. झिम्बाब्वेला महाग कर्ज देणारी ती आयात-निर्यात बँक स्वतःला बहुपक्षीयच म्हणवते आणि पहिल्या हप्त्याचा मान मागते. घाना आणि झांबियाने तो द्यायला नकार दिला. म्हणजे मान कुणाला हाही वादच आहे. मी यावर प्रबंधिका लिहावी म्हणतेय.

जुना_सचिव (डिचोली)

लिही. त्याचा धागा वेगळा काढ, मी येईन. पाटल्याबाय, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात असतो मी, केळ्यांच्या बाजूला. जमलं तर भेट.

पाटल्या

आईला विचारते. तिला तुम्ही आठवता. शर्टाच्या खिशात तीन पेनं असायची म्हणते.